मेहुण्याचे वळण

काठरस्ता शहराच्या पाण्याच्या टाक्यांपाशी सुरू होतो. कागदावर त्याचे नाव 'नदीकाठ द्रुतगती मार्ग' असे ऐसपैस आहे, पण तेवढे म्हणेपर्यंत बस पुढच्या थांब्याला लागते, म्हणून सगळे काठरस्ताच म्हणतात. टाक्यांपासून तो नदीच्या डाव्या अंगाने खाली उतरतो, कातडी कमावण्याच्या जुन्या कारखान्याच्या भिंतीला खांदा घासतो, रेल्वेच्या पुलाखालून मान वाकवून जातो आणि मग नदीचा हात म्हणून सोडत नाही. ती वळली की वळतो, ती पसरली की उंच होतो. फक्त एका ठिकाणी, नवव्या किलोमीटरला, नदी सरळ जाते आणि रस्ताच वळतो. ऐंशी पावले वस्तीत शिरतो, अर्धा फेरा घेतो आणि पुन्हा काठावर येतो. रुसून गेलेले माणूस कुणी समजूत न काढताच परत यावे तसा.

या वळणाला बसचे वाहक गेली अठ्ठेचाळीस वर्षे 'मेव्हण्याचं वळण' म्हणून हाक देतात. त्यातला एखादा रंगात असला तर वर म्हणतो, "मेव्हण्याकडचे पाहुणे पुढे या." बसमधली माणसे हसतात. ज्या मेहुण्यावरून हसतात, ते माझे वडील.

बाबा रस्ते खात्यात भूमापक होते. तिपाईवर दुर्बीण, साखळी धरायला दोन माणसे आणि खिशात पेन्सिल. काठरस्ता तीन टप्प्यांत झाला, त्यातल्या दुसऱ्या टप्प्याची आखणी त्यांच्याकडे आली. त्याआधी तिथे रस्ता नव्हताच. फार पूर्वी मिठाचे आणि लाकडाचे पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, माणसे दोर खांद्यावर घेऊन काठावरून वर ओढत नेत, त्यांच्या पायांनी एक वाट पडली होती. महापुरानंतर त्या वाटेवर बांध आला, बांधावरून लोक चालू लागले, मग सायकली, मग मोटारी. देवाने नदी केली आणि नदीने रस्ता केला, आम्ही फक्त डांबर ओतले, असे बाबा म्हणत. त्यांची सगळी थट्टा अशीच असे, कुणाला न लागणारी.

वळणापाशी माझी आत्या राहते. पाण्याला अगदी लागून सहा घरांची होडीवाल्यांची ओळ आहे, त्यातले तिसरे घर तिचे. आतोबा, म्हणजे तिचे यजमान, तिथली होडी चालवत. ओळीच्या मागे धोबी आळी होती. होती म्हणायचे, कारण रस्ता वळला तो तिच्यावरून. लोक म्हणाले, सरळ आखलेला रस्ता सर्व्हेअरने बहिणीचे घर वाचवायला वाकवला. मेहुण्यासाठी मेहुणा धावला आणि चौतीस घरे उठली.

मला आठवते, रविवारी आम्ही दोघे आत्याकडे निघालो की बाबा एक थांबा आधीच उतरत. "पाय मोकळे करू," म्हणत. मी नऊ-दहा वर्षांची, मला ते चालणे आवडे. उजव्या हाताला नदी, वर भरधाव गाड्या आणि बाबांच्या खिशात माझ्यासाठी एक लिमलेटची गोळी. ते का उतरतात हे मला कॉलेजात गेल्यावर कळले. एकदा गर्दीत उतरायला जमले नाही, वाहकाने हाक दिली, बस हसली आणि बाबाही थोडे हसले. त्या हसण्याचा मला फार राग आला. माणूस निर्दोष असेल तर हसेल कशाला, असे मला वाटले. मी त्यांना विचारले नाही. त्यांनी सांगितले नाही. अकरा वर्षांपूर्वी देवाने त्यांना नेले, आणि तो प्रश्न विचारायचा राहूनच गेला.

आतोबा त्यांच्याही आधी गेले. मोठा मायाळू माणूस. एक विचित्र सवय सोडली तर त्यांच्यात हसण्यासारखे काही नव्हते. त्यांच्या तोंडी डावे-उजवे हे शब्दच नव्हते. मला बूट घालताना म्हणत, "खिडकीकडचा पाय पुढे कर." रस्ता सांगताना हात करून दाखवत. आम्ही मुले मुद्दाम विचारायचो, "आतोबा, तुमचा डावा हात कुठला?" ते दोन्ही हात पाठीमागे नेत आणि घरात जात.

कीर्तनाला बसणाऱ्याला ठाऊक असते, आख्यान कितीही लांब गेले तरी बुवांना मूळ पदावर यावेच लागते. तर मूळ पद असे, की यंदा खात्याने काठरस्त्याच्या प्रत्येक थांब्याला आणि वळणाला निळ्या पाट्या लावायचे ठरवले. मी त्याच खात्यात, आरेखन विभागात, मुख्य आरेखक. पुढच्या वर्षी नोकरीतून सुटेन. पाट्यांवरचा मजकूर तपासायचे काम माझ्याकडे आले. यादीत एकविसावी ओळ होती, 'मेहुण्याचे वळण'. मी लाल पेनाने ती खोडली आणि वर वळणालगतच्या खुणेचे नाव लिहिले, 'जुने पंपघर'.

साहेबांनी बोलावले. साहेब माझ्या भाच्याच्या वयाचे, मला ताई म्हणतात. त्यांनी माझ्यापुढे एक अर्ज ठेवला. त्यावर एकशे बारा सह्या होत्या. जुन्या धोबी आळीतल्या लोकांनी मागणी केली होती, की वळणाचे लोकांच्या तोंडी असलेले नावच पाटीवर यावे. पहिल्या सहीतले नाव मी ओळखले. आत्याच्या बालमैत्रिणीची. तिला सगळे पाणकोंबडी म्हणत, कारण लहानपणी धुणे धुताना तिचे डोके जितके वर असे तितकेच पाण्यात. आळी उठली त्या दिवसापासून तिने आत्याशी बोलणे टाकले होते. आणि मेहुण्याचे वळण हे नाव पहिल्यांदा तिच्याच तोंडातून निघाले, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होते.

"नाव बदलायला माझी ना नाही," साहेब म्हणाले, "पण ताई, कारण लागेल. कागदावरचं. सोमवारी यादी रंगाऱ्याकडे जाते."

तो बुधवार होता. आजवर ती थट्टा हवेत होती, वाऱ्याने आली, वाऱ्याने गेली. आता ती चार फूट रुंद पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत लागणार होती, आणि खाली तपासनीस म्हणून माझी सही. बापाची बदनामी लेकीने प्रमाणित करायची. मी सरळ दप्तरखान्याची किल्ली मागितली.

दप्तरखाना तळघरात आहे. दुसऱ्या टप्प्याच्या वह्या तिसऱ्या कपाटात, कापडी बांधणीच्या, कडा कुरतडलेल्या. बाबांचे अक्षर लगेच ओळखू आले. आकडे मुंग्यांच्या रांगेसारखे, एकही खोडलेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मला ते पान सापडले. 'पंपघर ते मिठाची वखार. डावा काठ : कातळ, कमरेइतक्या खोलीवर. उजवा काठ : गाळ. (होडीवाल्याच्या सांगण्यावरून. डाव्या काठाला दोन जागी बांबू घालून पाहिला, अडला.)' आणि त्याखाली, चार महिन्यांनंतरच्या तारखेने, वेगळ्या शाईत, दोनच शब्द.

'डावा. कुणाचा?'

मला काही बोध झाला नाही. पानाची झेरॉक्स काढली आणि शुक्रवारी अर्धी रजा टाकून आत्याकडे गेले.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. एकटी राहते आणि एकटी राहते असे कुणी म्हटले की चिडते, म्हणते, नदी आहे ना. खोली एक, स्वयंपाकघर एक, खिडकीत पडद्याच्या दांडीऐवजी जुन्या वल्ह्याचा दांडा. पुढे पाणी, मागे काठरस्त्याची उंच भिंत. गाड्यांचा आवाज इतका सवयीचा की तो थांबला तर ती दचकून उठेल.

"आलीस? एक थांबा आधी उतरून आली असशील, बापासारखी," ती दारातच म्हणाली.

मी वळणावरच उतरले होते, पण ते सांगत बसले नाही. मी पाटीची हकीकत सांगितली, सह्यांचे सांगितले. पहिली सही कुणाची हे ऐकून ती म्हणाली की पाणकोंबडीचे अक्षर पहिलीपासूनच गिचमीड, सही तिची हे तुला कळले कसे. मग मी झेरॉक्स पुढे केली. तिने चष्मा लावला, पान वाचले, पुन्हा वाचले, आणि शेवटच्या दोन शब्दांवरून बोट फिरवले. बराच वेळ बोट तिथेच होते.

मग तिने सांगितले. आत्याची गोष्ट सांगायची रीत अशी, की ती हातातले काम सोडत नाही. ती घड्या घालत होती आणि सांगत होती, आणि मी त्या रचत ऐकत होते.

दुसऱ्या टप्प्याला दोन वाटा होत्या. रेल्वेच्या पुलापाशी नदी ओलांडून उजव्या काठाने जायचे, तिथे विटांच्या भट्ट्यांचे रिकामे खड्डे, घर एकही नाही. किंवा पुलाचा खटाटोप न करता डाव्याच काठाने, पाण्यात खांब रोवून. कुठल्या काठाखाली कातळ आहे यावर सगळे ठरणार होते. भोके पाडून बघायचे यंत्र खात्याकडे एकच होते आणि ते दुसऱ्या जिल्ह्यात अडकले होते. बाबांनी नदीचा तळ ज्याला घरच्या जमिनीसारखा माहीत होता त्याला विचारले. आपल्या मेहुण्याला. आतोबा म्हणाले, डावीकडे कातळ, उजवीकडे गाळ. बाबांनी लिहून घेतले. बांबू घालून पाहिला तर अडला. तो जुन्या धक्क्याच्या पडलेल्या दगडांवर अडला होता, हे कुणाला माहीत.

डाव्या काठाचे ठरले. सहा घरे जाणार होती, होडीवाल्यांची. "माझ्या भिंतीवर चुन्याची फुली तुझ्या बापाने स्वतःच्या हाताने मारली," आत्या म्हणाली. "आणि मग इथंच बसून जेवला. मी वाढलं. करणार काय, त्याचंही काम आणि आमचंही नशीब. माझ्या माणसाला वाटलं, गाळाचं सांगूनही खात्याने हाच काठ घेतलाय तर त्यांचा काही हिशेब असेल."

तिसरा खांब रोवला आणि आठ दिवसांत तो कलला. चौथा नीट उभाच राहिना. खाली गाळ, अख्खा बांबू आत जाईल इतका. तोवर मागचा भराव झालेला, पुलाचे सामान दुसरीकडे गेलेले. पलीकडे जाणे आता शक्य नव्हते. खात्याने रस्ता पाण्यापासून ऐंशी पावले आत ढकलला, पक्क्या जमिनीवर. पक्क्या जमिनीवर धोबी आळी होती.

त्या संध्याकाळी बाबा आले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. आतोबा दारापुढे होडी पालथी घालून तिला डांबर लावत होते. बाबांनी विचारले, "मेहुणे, त्या दिवशी डावा म्हणालात, तो कुठला?" आतोबांनी मान वर न करता हातातल्या ब्रशाने दाखवला. पलीकडचा काठ. विटांच्या भट्ट्यांचा.

आमच्या दप्तरात नदीचा डावा काठ कुठला हे नदी वाहते तिकडे तोंड करून ठरवतात. जगभर तसेच ठरवतात, मी स्वतः तीस वर्षे तसेच लिहिते आहे. आतोबांना हे बाबांनी सांगितले तेव्हा ते आधी हसले, त्यांना ती थट्टा वाटली.

"खाली जाताना नदीच नेते," आतोबा म्हणाले होते. "तेव्हा डावं-उजवं लागतं कुणाला? वर येताना माणसाला काठ धरावा लागतो. नदीवर डावं एकच, वर येतानाचं."

मग त्यांनी बाबांच्या तोंडाकडे पाहिले आणि ब्रश डांबराच्या डब्यात सुटून पडला.

देवाने माणसाला दोन हात दिले, पण डावे कुठले हे मात्र माणूस कुठे तोंड करून उभा आहे त्यावर ठेवले. आत्याच्या तोंडून ऐकताना मला बाबांचे ते दोन शब्द पुन्हा दिसले. डावा. कुणाचा?

"दिवेलागणीपर्यंत दोघं भांडत होते," आत्या म्हणाली. "हा म्हणे चूक माझी, मी नीट विचारलं नाही. तो म्हणे माझी, मी नीट सांगितलं नाही. वडिलोपार्जित जमीन असावी तशी ओढत होते चूक, आपापल्याकडे."

शेवटी बाबांनी निकाल दिला. ही गोष्ट या घराबाहेर जायची नाही. आतोबांना त्या वस्तीत राहायचे होते, त्याच लोकांना होडीत बसवायचे होते. बाबा बदलीवाला माणूस. शिव्या मागे राहतील, मी पुढे जाईन, असे ते म्हणाले. खांब कलला याचे कारण अहवालात 'पायास अयोग्य जमीन' एवढेच गेले. त्यानंतर लोकांनी आपले कारण आपण शोधले, आणि ते बाबांनी घालून घेतले, मापाचा नसलेला सदरा घालावा तसे. आतोबांनी पुन्हा कधी डावे-उजवे म्हटले नाही.

माझे डोळे भरून आले. ते हसणे, बसमधले, ज्याचा मला इतका राग आला होता! मी पर्स उघडून रुमाल शोधू लागले. आणि त्याच क्षणी, खरे सांगते, मनात दुसरेही आले होते. कारण सापडले. कागदावरचे. सोमवारच्या आत.

आत्याने ते माझ्या तोंडावर वाचले. घडी घातलेला टॉवेल तिने मांडीवर ठेवला.

"तुला लिहायचं ते लिही, मी कोण अडवणार. तुझ्या बापाने फार सोसलं. पण बापाचं नाव ज्या पाण्याने धुशील, ते माझ्या माणसावर पडेल एवढं ध्यानात ठेव."

मी परत आले. त्या शुक्रवारी मला देवापुढे बसूनही काही सुचले नाही. बाबा निर्दोष होते आणि ते सिद्ध करायचे तर त्यांनी अठ्ठेचाळीस वर्षे राखलेली एकच गोष्ट मला मोडायची होती. न सिद्ध करावे तर पाटी लागणार. दोन्ही काठांना गाळच.

शनिवारी सकाळी आत्याचा फोन आला. फोनवर ती नेहमी ओरडून बोलते, त्या दिवशी हळू बोलली. "मला तिच्याकडे घेऊन चल."

धोबी आळीतल्या लोकांना टेकडीच्या पायथ्याशी चार मजली इमारती बांधून दिल्या आहेत. पाणकोंबडी तिसऱ्या मजल्यावर राहते. आत्या प्रत्येक जिन्याच्या वळणावर थांबली आणि प्रत्येक वेळी म्हणाली की मी दमलेली नाही, विचार करतेय. दार उघडेच होते. आत कपडे धुण्याचे यंत्र चालू होते आणि त्याच्यासमोर स्टुलावर एक वाळकी, ताठ म्हातारी त्याच्यावर पहारा करत बसली होती. तिने वर पाहिले. आत्याला पाहून तिच्या चेहऱ्यावर काही हलले नाही.

"कोण गेलं?" तिने विचारले.

"अजून कुणी नाही," आत्या म्हणाली. "बस म्हण, नाहीतर आता जाईन. तीन जिने चढलेय."

पाणकोंबडीने पायाने दुसरे स्टूल पुढे सरकवले. आत्या बसली. मी दाराशीच उभी राहिले. दोघींनी काही वेळ यंत्राच्या काचेतून फिरणारे कपडे पाहिले. याच्यापाशी बसावे लागते, पाणकोंबडी कुणाला उद्देशून नाही असे म्हणाली, नाहीतर ते कॉलर तशीच ठेवते.

आत्याने सगळे सांगितले. बाबांबद्दल आधी, मग आतोबांबद्दल. काही गाळले नाही. पलीकडच्या काठाला नुसते खड्डे होते आणि रस्ता तिकडून गेला असता तर आळी उठली नसती, हेही तिने स्वतःच्या तोंडाने म्हटले. ते म्हणताना तिचा आवाज चिरकला, पण थांबली नाही. पाणकोंबडीने मध्येच उठून यंत्र बंद केले. पाणी यंत्रात तसेच डुचमळत राहिले.

"डावं म्हणाला, ते कुठलं डावं?" तिने विचारले.

"वर येतानाचं."

"मग बरोबर सांगितलं की त्याने."

आत्याने मान खाली घातली. मी आयुष्यात तिला रडताना पाहिले नव्हते, आतोबा गेले तेव्हाही नाही. पाणकोंबडी तिच्याकडे बघत राहिली आणि मग एकदम भडकली. तो भडका इतका जुना होता की त्याला वास येत होता.

"अठ्ठेचाळीस वर्षं तुझ्या भावाला शिव्या दिल्या मी. रोज. एकदा येऊन सांगितलं असतंस तर तुझ्या नवऱ्याला दिल्या असत्या आणि तुझ्याशी बोलले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं. त्याला सोसल्या नसत्या."

"वेडी आहेस. आठ दिवस दिल्या असत्या. नवव्या दिवशी पलीकडे जायला होडी त्याचीच लागली असती की नाही?"

मला वाटते अठ्ठेचाळीस वर्षांत या बाजूने कुणी विचारच केला नव्हता, ना बाबांनी, ना आतोबांनी. दोन भली माणसे चूक वाटून घ्यायला भांडली, पण ज्यांची घरे गेली त्यांना विचारावे हे त्यांच्या डोक्यात आले नाही.

मग पाणकोंबडीने मला विचारले की ही दाराशी उभी कोण. सर्व्हेअरची मुलगी, हे ऐकल्यावर तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले आणि मी बापासारखीच हडकुळी निघाले असे सांगितले. मी धीर करून पाटीचा विषय काढला. म्हटले, आता सगळे समजले आहे, तर ती सही मागे घ्याल का? मी ती ओळ आधीच खोडली आहे.

"नाही," ती म्हणाली. मग पुढे बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता. "धोबी आळी कुठल्या नकाशावर आहे, दाखव मला. तू नकाशे काढतेस ना? कुठेच नाही. पण कुणी पोर बसमध्ये विचारतं, हे असलं कसलं नाव, तेव्हा कुणीतरी म्हातारं सांगतं, इथं एक आळी होती. तेवढीच उरलेय ती. नाव पुसलंस तर दुसऱ्यांदा उठवशील आम्हाला."

बाबांच्या नावासाठी मी निघाले होते, आणि वळणाच्या नावाखाली चौतीस घरे आहेत हे आजवर मला दिसले नव्हते.

"आणि मेव्हणा म्हणजे तरी कोण गं?" ती पुढे म्हणाली, आत्याकडे वळून. "तुझा भाऊ तुझ्या नवऱ्याचा मेव्हणा. तुझा नवरा तुझ्या भावाचा मेव्हणाच. म्हणजे मी दिल्या त्यातल्या निम्म्या शिव्या बरोबर पत्त्यावर पोचल्या म्हणायच्या." आत्या रडता रडता हसली, आणि तिला ठसका लागला. पाणकोंबडीने तिच्या पाठीवर थापा मारल्या, धुणे आपटावे तशा.

सोमवारी मी यादी घेऊन बसले. एकविसाव्या ओळीतले 'जुने पंपघर' खोडले आणि मूळचे नाव पुन्हा लिहिले. लिहून झाल्यावर पेन तसेच धरून थोडी थांबले, आणि 'ण्या'च्या डोक्यावर एक अनुस्वार दिला.

साहेबांच्या नजरेतून काही सुटत नाही. "ताई, टिंब जास्तीचं पडलंय."

"पडलेलं नाही, दिलंय. मेहुण्यांचे. दोघे होते."

"दोघे कोण?"

"एक काठावरचा, एक कागदावरचा."

त्यांना मी सगळे सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकले, आणि मग म्हणाले की पाटीवर टिंब आले तरी वाहक काही ते नाकातून म्हणणार नाहीत. मी म्हटले, न म्हणोत. खात्याच्या नोंदवहीत प्रत्येक नावापुढे एक रकाना असतो, नावाचे कारण असा. बहुतेक जागी तो कोराच असतो. तो मी भरू का, एवढेच मी विचारले. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली.

मी लिहिले : 'रस्ता आखणारा व होडी चालवणारा हे परस्परांचे मेहुणे होते. डावा काठ या शब्दाचा अर्थ एकाने नदीच्या वाहण्याकडे तोंड करून घेतला, दुसऱ्याने उलट. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. त्यामुळे रस्ता चुकीच्या काठाला आला व नंतर वळवावा लागला. वळणाच्या जागी धोबी आळी होती. तिची चौतीस घरे गेली.' सही करण्यापूर्वी आत्याला फोन केला आणि वाचून दाखवले. ती म्हणाली, ठीक आहे, पण थांब, ही इथेच बसली आहे, तिला ऐकव. म्हणजे पाणकोंबडी त्या घरात होती. मी पुन्हा सगळे वाचले, आधीपेक्षा हळू.

पलीकडे थोडी खुडबुड झाली. मग पाणकोंबडीचा आवाज आला.

"चौतीस नाही. पस्तीस. आमच्या घरामागे माझ्या आजीची खोली होती. तिची चूल वेगळी, दार वेगळं. सरकारी मोजणीत धरलीच नाही कुणी."

मी चौतीसवर रेघ मारली. मग तळघरातून आणलेला आळीचा जुना नकाशा टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर चहाचा कप आणि टाचण्यांची डबी ठेवली, पेन्सिलीला टोक केले आणि विचारले, "मागे म्हणजे कुठल्या बाजूला? तुम्ही कुठे तोंड करून उभ्या आहात?"

"आता असं विचार," ती म्हणाली. "दारात उभी आहे. समोर नदी. काढ."